रिकामटेकडे धक्क्यावर

चालत्या बंदरात पर्यटकाइतका निरुपयोगी प्राणी दुसरा नाही. मांजराला निदान मासा तरी मिळतो.

आइसलँडच्या दक्षिणेला हेइमाए नावाचं बेट आहे. काळे कडे सरळ समुद्रात उतरलेले आणि त्यांच्या आडोशाला बंदर. तिथे मी मालवणच्या मावशीला घेऊन गेलो. म्हणजे मागून बॅगा घेऊन चाललो. फेरीतून उतरताच तिने ज्वालामुखीकडे एकदा पाहिलं आणि मासळी कुठे उतरते ते विचारलं.

धक्क्यावर तिकडचा बांगडा उतरत होता. आपल्या बांगड्याचाच भाऊबंद, पण पाठीवर नागमोडी काळे पट्टे. टोपली नाही, लिलाव नाही, भांडण तर नाहीच. बोटीच्या पोटात एक जाडजूड पाइप सोडलेला आणि मासे त्यातून थेट कारखान्यात.

"मगे भाव कोणाक विचारूचो? ह्या पायपाक?"

एक बांगडा खाली निसटला. मावशीने उचलला, कल्ला उघडला. आत लालभडक. "ताजो आसा," तिने दाखला दिला. मागे फोर्कलिफ्टवाला कधीचा हॉर्न देत होता.

या लोकांनी ज्वालामुखीलाही असंच वाटेतून बाजूला केलंय. 23 जानेवारी 1973 च्या पहाटे गावाच्या कडेला जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे बोटी बंदरातच होत्या, म्हणून पाचेक हजार माणसं त्यांतूनच सुखरूप निघाली. पुढे लाव्ह्याने घरं गिळली, ती गिळली. पण तो बंदराच्या तोंडाकडे वळला, तेव्हा यांनी पंप लावून समुद्राचंच पाणी त्याच्यावर काही महिने मारलं. तो थिजला, आणि जाता जाता बंदराला आधीपेक्षा चांगला आडोसा देऊन गेला. आपल्याकडे एवढ्या बंधाऱ्याला निविदाच तीनदा निघाल्या असत्या, उद्‌घाटनं वेगळी.

रात्री मात्र आमची सोय लागली. ऑगस्ट-सप्टेंबरात पफिन पक्ष्यांची पिल्लं गावातल्या दिव्यांना भुलून समुद्राऐवजी रस्त्यावर आणि धक्क्यावर उतरतात. गावची पोरं खोकी घेऊन ती गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्राकडे उडवून देतात. अशाच एका पोराने काही न विचारता मावशीच्या हातात खोकं दिलं आणि मला खुणेनेच ट्रकखाली शिरायला सांगितलं. वयाची चौकशी केली नाही. मी पोटावर सरपटत शिरलो. पिल्लू दुसऱ्या बाजूने निघालं आणि सरळ मावशीच्या खोक्यात जाऊन बसलं.