धुराची वाट

वालचंद हिराचंद सोलापूरचे आणि मीही सोलापूरचाच. साम्य इथंच संपतं. 1882 साली या गावात जन्मलेल्या त्या माणसानं 1919मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून सिंदिया कंपनीचं जहाज विलायतेला धाडलं, 1940मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, 1944मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापली आणि 1947मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटार बाहेर काढली. त्याच कंपनीच्या एका जुन्या मोटारीला फक्त सायलेन्सरची नळी बसवायला मी गेलो. आता आमच्या गल्लीत माझ्याशी बोलणारा एकच प्राणी उरलाय, आणि तो भंगारवाला आहे.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. हे नाव तिला 1974मध्ये मिळालं, तरी सोलापुरात अजून तिला फियाटच म्हणतात. वडिलांच्या मागं ती अंगणात उभी होती. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांना गहिवरून आलं. मलाही आलं. बाकीचे लोक चार ओळी लिहून मोकळे झाले. मी पाना हातात घेतला.

इंजिन मात्र झकास बांधलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं स्वतःबद्दल बरं बोलायची संधी येणार नाही. मूळचं 1089 सीसीचं, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक, ताकद चाळीसेक घोड्यांची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या उस्तादांच्या हाताखाली बसून मी बोअरिंग करून घेतलं, ओव्हरसाइज पिस्टन टाकले, हेड प्लेन करून कॉम्प्रेशन वाढवलं, कॅम घासून आणला आणि एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन चढवले. माझा जन्म बँकेत गेला. तरी उस्ताद म्हणाले, "साहेब, हात बरा हाय तुमचा." हेच वाक्य पुढं नडलं.

हे रेसचं इंजिन पळवणार कुठं, असं बायकोनं विचारलं होतं. मी तिला मद्रासजवळच्या शोलावरमची गोष्ट सांगितली. महायुद्धातली जुनी धावपट्टी, तिच्यावर मोटारींच्या शर्यती लागायच्या आणि त्यात साध्या फियाटीही जीव खाऊन पळायच्या. ती म्हणाली, "अहो, पण आपण सोलापुरात राहतो." मुद्दा बरोबर होता. आमच्या गावात सरळ, मोकळा आणि बिनखड्ड्यांचा पाव मैल एकच आहे, आणि तो होटगी रोडच्या विमानतळाच्या भिंतीआड आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्याचं माझ्या वाचनात आलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी काम पुढं रेटलं.

आता मुख्य विषय, म्हणजे धूर. कंपनीचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बिडाचं असतं. चारही सिलिंडरांचा धूर एका आखूड डब्यात कोंबायचा आणि तिथून एका नळीनं मागं न्यायचा, इतका साधा त्याचा कारभार. वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालेला माझा पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, ते काढून फेका. फोर-टू-वन करा." या इंजिनात ठिणगी 1-3-4-2 या क्रमानं पडते. म्हणून एकची नळी चारच्या नळीला जोडायची, दोनची तीनच्या, आणि त्या दोन नळ्यांची मग एक करायची. म्हणजे एकाचा धूर दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. चारही नळ्या सारख्या लांबीच्या हव्यात, आणि ती लांबी मनाला येईल ती चालत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुरासोबत दाबाची एक लाट नळीतून सुटते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला 500 मीटरच्या घरात असतो. नळी जिथं मोठ्या नळीत उघडते तिथं ही लाट उलटते आणि दाबाऐवजी ओढ घेऊन मागं फिरते. इंजिन 6000 फेऱ्यांवर असताना प्रत्येक सिलिंडरचा हा व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो. तो मिटायच्या आणि इनलेट उघडायच्या संधीला ती ओढ परत पोचली, तर आत उरलेला धूर ती खेचून नेते आणि पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण फुकटात आत आणते.

"फुकटात" म्हटल्यावर बँकवाल्याचे कान टवकारले नाहीत तर नवल. मी रात्र जागून आकडेमोड केली आणि इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत नळ्यांची लांबी काढली. बोनटखाली जागा किती आहे, हे या हिशेबात कुठंच आलं नाही.

पाइप आणायला भंगार बाजारात गेलो. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्या मागून आलेल्या गिरण्या बंद पडल्यापासून सोलापुरात भंगाराला तोटा नाही. भंगारवाल्यानं डायिंगच्या खात्यातल्या वाफेच्या लाइनीचा पाइप काढला आणि म्हणाला, "साहेब, तुमचा जन्म जाईल, पाइप जाणार न्हाई." वाफेचा दाब सोसायला केलेला तो पाइप, त्याची जाडी सायलेन्सरच्या पत्र्याच्या दुप्पट-तिप्पट. वजन उचलून पाहावं हे मला सुचलं, पण पाइप रिक्षात टाकून झाल्यावर. रिक्षावाल्याला आधीच सुचलं होतं. त्यानं जादा भाडं सांगितलं.

असा पाइप वाकवायचा तर आत कोरडी वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर बाकावर तो चपटतो. वाळूही पुरती कोरडी हवी. ओलसर राहिली तर तापवल्यावर आत वाफ धरते आणि तोंडाला ठोकलेली लाकडी खुंटी सुटून समोरच्याचं कपाळ फोडते. म्हणून वाळू आधी भाजून घ्यायची. घरात भाजण्याच्या लायकीचं एकच भांडं होतं, शेंगा भाजायची मोठी लोखंडी कढई. बायको माहेरी गेल्याची संधी साधून मी तिच्यात घमेलंभर वाळू भाजली, कढई धुऊन, पुसून होती तशी टांगून ठेवली आणि विसरून गेलो. पुढं घरची शेंगा चटणी बरेच दिवस दाताखाली कचकच वाजायची. पुण्याचे पाहुणे खाऊन म्हणाले, "अस्सल उखळात कुटलेली दिसते, मिक्सरची नाही." बायकोचा चेहरा खुलला. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. ही चटणी पुण्याला डबा भरून गेली आहे.

वेल्डरमामा भला माणूस. गॅसचा नॉझल पेटवायच्या आधी त्यांनी विचारलं, "साहेब, इंजिन गाडीत बसवून टॅक मारू का? मग काढून पक्कं करू." मी म्हणालो, "नको मामा, हिशेब केलाय." थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी कागद दाखवला. कागद पाहून त्यांनी गॉगल डोळ्यांवर ओढला आणि पुढं चकार शब्द काढला नाही. इंजिन पडवीतल्या स्टँडवर, त्याच्या अंगावर चार नळ्या; एक-चार, दोन-तीन, मग एकात एक. काम देखणं झालं. गल्लीतली पोरं येऊन फोटो काढून गेली.

मग चेनपुलीनं इंजिन उचलून बोनटमध्ये सोडायला घेतलं आणि ते अर्ध्यात अडकलं. चारची नळी मडगार्डच्या आतल्या पत्र्याला भिडली. पत्रा ठोकून खळगा पाडला, तर दोनची नळी खालच्या आडव्या पट्टीवर टेकली. ती कापून वळवली, तर तीनच्या फ्लँजचा नट असा काही कोपऱ्यात गेला की कुठलाच पाना तिथं शिरेना. उस्तादांनी शांतपणे तेरा नंबरचा चांगला पाना व्हाइसमध्ये धरला, हॅकसॉनं अर्धा कापला आणि माझ्या हातात दिला. "ह्याचे पैशे बिलात लावतो." त्या अर्ध्या पान्यानं नट एकेक पैलू पुढं सरकतो आणि दर पैलूला बोटाचं एक सालटं निघतं. कापाकापी संपली तेव्हा चार नळ्यांच्या लांब्या चार तऱ्हेच्या होत्या. पुतण्याला फोटो धाडला. त्यानं उत्तरादाखल नुसते जोडलेले हात पाठवले.

एवढ्यावर नळीचं शेवटचं तोंड कुठं काढायचं, हा प्रश्न राहिलाच होता. सोलापूरकराला हा प्रश्न नवा नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानांच्या वाटेत येते की नाही, यावर आमच्या गावानं वर्षानुवर्षं पानाच्या टपरीपासून कोर्टापर्यंत वाद घातला आणि अखेर 15 जून 2023 रोजी स्फोटकं लावून ती चिमणी पाडली. धूर बाहेर सोडायच्या नळीपायी इतकं तापलेलं दुसरं गाव दाखवा. माझ्या नळीचा प्रश्न त्या मानानं किरकोळ. डिकीपर्यंत मागं न्यावी तर तो जाडजूड पाइप गाडीच्या पोटाखाली इतका लोंबत होता की गल्लीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरवरच त्याचे बारा वाजले असते. म्हणून डाव्या अंगानं, मागच्या चाकाच्या अलीकडं, दाराखालून तोंड बाहेर काढलं. रेसच्या गाड्यांना असंच असतं, हे मी सगळ्यांना सांगितलं. डाव्या अंगाला काय आहे, ते कुणीच विचारलं नाही.

सायलेन्सर रबरी पट्ट्यांवर का टांगतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. रेस केलं की ते अंग झटकतं. नळीला त्याच्याबरोबर हलायची मुभा हवी. मी ती यू-क्लॅम्पनं थेट गाडीच्या तळाला आवळली. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणजे आता इंजिनाचा प्रत्येक झटका सगळ्या पत्र्यात उतरणार होता. आमच्या घरात चारचाकी हलगी तयार झाली होती आणि ती वाजवायचा मान माझा होता.

दिवस पाण्याचा होता. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी सगळी गल्ली कळश्या मांडून उभी असते. त्या दिवशी वेळ टळून गेली तरी नळ कोरडेच होते. मी चावी फिरवली. पहिल्यांदा नुसतं खाकरली. मग दोन्ही कार्ब्युरेटरांनी मनसोक्त पेट्रोल ओतलं आणि इंजिन पेटलं. आवाजाचं वर्णन करत नाही, परिणाम सांगतो. आतला आरसा गळून मांडीवर पडला. स्टेअरिंगवरचा गिअरचा दांडा थरथरून दिसेनासा झाला. शेजारच्या पॉवरलूमची खटखट ऐकू यायची बंद झाली. लूम चालूच होते. आणि मागच्या बोळातून बायका, पोरं, म्हातारी माणसं बादल्या, कळश्या, पिंपं घेऊन धावत आली.

त्यांना वाटलं, महापालिकेचा टँकर आला.

मी इंजिन बंद केलं. कुणी काही बोललं नाही. एक आजी दाराखाली वाकून पाइपाचं तोंड पाहत होत्या. "ह्यातनं येतंय का पाणी?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बादलीकडं पाहिलं आणि बादली उचलून निघून गेल्या. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

खरा हिशेब डाव्या अंगाला झाला. डाव्या अंगाला शेजारच्या अण्णांचं अंगण. अण्णांचे टेरी टॉवेलचे लूम आहेत, आणि धुतलेला माल त्या दिवशी दोऱ्यांवर वाळत होता. पांढराशुभ्र. नव्या इंजिनातलं असेंब्लीचं ऑइल, वाफेच्या पाइपातला गिरणीच्या काळातला गंज आणि भरमसाट पेट्रोलची काजळी, असं सगळं माझ्या नळीनं पहिल्या दमात त्याच्यावर फवारलं. अण्णा बाहेर आले. त्यांनी चष्मा पुसला, टॉवेल पाहिले, मला पाहिलं. अण्णा मला कधी 'अरे' म्हणत नाहीत. "सर," ते म्हणाले, "काय करलालाव? एक्सपोर्टचा माल हाय की ओ." बँकेत असताना त्यांचं कर्ज मीच मंजूर केलं होतं, त्यामुळं त्यांना रागावताही येईना. मी चेक लिहिला. चेक मात्र त्यांनी बिनसंकोच घेतला.

गाडी रस्त्यावर काही गेली नाही. मोटार वाहन कायदा असा सायलेन्सर रस्त्यावर चालवू देत नाही. दंड 10,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आवाज करणारे जप्त सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात, त्याचे फोटोही पेपरात येतात. माझा पाइप पाहून उस्ताद म्हणाले, "हा घातला तर रोलरच बसंल." नळ्या काढून बिडाचं मॅनिफोल्ड पुन्हा चढवलंय. त्यावर इंजिन गुपचूप आणि गोड चालतं. चार नळ्या भंगारवाल्याकडं परत गेल्या, आणि जाडजूड असल्यामुळं वजनावर भाव बरा आला. या सगळ्या व्यवहारात तेवढीच एक जमेची बाजू.

तर वाचकहो, घरात टेरी टॉवेल पुष्कळ आहेत. माल एक्सपोर्टचा, सूत अस्सल, एका बाजूनं स्वच्छ. गॅरेजवाल्यांना घाऊक दरात देऊ. सोलापुरात येऊन न्यावे लागतील. गाडीनं पोचवणार नाही.