बूट चावतोय, शेठ!

दादरला किंवा लक्ष्मी रोडला साडीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा आणि साड्यांच्या आधी काउंटरच्या पलीकडे, खाली बघा. युनिफॉर्मच्या साडीच्या निऱ्यांखाली एक काळी, पुढे निमुळती, पातळ तळाची बेली दिसेल. ती जिच्या पायात आहे ती मुलगी सकाळी दुकान उघडल्यापासून उभी आहे आणि रात्री शटर खाली येईपर्यंत उभीच राहणार आहे. फ्लोअर मॅनेजर पाठमोरा झाला की ती टाच हळूच बाहेर काढते, करंगळी मोकळी करते, तळवा गार फरशीला टेकवते. तो वळला की पाय परत आत. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला कुरूप झालंय. टाचेच्या मागे बँडेजची पट्टी आहे, तीही अर्धी सुटलेली. समोर गिऱ्हाईक गुबगुबीत खुर्चीत बसलंय आणि त्याच्यासाठी चहा आलाय.

शेठ, या मुलीला तुम्ही साडीचा रंग ठरवून दिलात, अंबाडा ठरवून दिलात, टिकलीचा आकार ठरवून दिलात. चपला-बुटांच्या बाबतीत एवढंच सांगितलंत की काळं आणि ‘डीसेंट’ हवं. स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत, जाड सोल चालणार नाही, पट्ट्याची सँडल चालणार नाही. का चालणार नाही? गिऱ्हाईक पदर उलगडून बघतं, काठ बघतं, भाव करतं. काउंटरमागच्या पायात काय आहे म्हणून कोणी पैठणी परत केलेली मी तरी ऐकलेली नाही. या नियमाने तुमच्या गल्ल्यात एक रुपया जास्त पडत नाही, आणि रोज कुणाचा तरी पाय सोलवटतो. तो आज संध्याकाळी रद्द करता येईल. खर्च शून्य.

‘नुसतं उभं तर राहायचंय, त्यात काय मोठंसं’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा एका जागी चार तास उभं राहून बघावं. आपल्या एका पावलात २६ हाडं असतात आणि ती सगळी चालण्यासाठी जुळवलेली आहेत. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात. एका जागी खिळून राहिलं की हे ढकलणं मंदावतं, रक्त खाली साठतं, संध्याकाळी घोटे सुजतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की पोटऱ्यांवर निळ्या, गाठाळ शिरा उठण्याचा धोका वाढतो. त्यांना डॉक्टर व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. पायाखाली लाकूड नाही, माती नाही; ग्रॅनाइट किंवा व्हिट्रिफाइड टाइल आहे, म्हणजे दणका जिरवणारं काहीच नाही. आणि बेलीला पट्टा नसतो, त्यामुळे ती निसटू नये म्हणून बोटं दिवसभर आखडून धरावी लागतात. ज्यांनी कधी बेली घातलेली नाही अशा पुरुष मॅनेजरांना हे माहीतच नसतं, आणि विचारावं असंही कोणाला वाटत नाही.

मग एक दिवस सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ जाते. चार पावलं चाललं की कमी होते, म्हणून तिच्याकडे काणाडोळा. बहुतेकदा तळव्याची जाड पट्टी टाचेच्या हाडापाशी दुखावलेली असते. प्लांटार फॅशिआयटिस हे या दुखण्याचं नाव. घरात मात्र ‘वात असेल’, ‘आता वय झालं’ असं म्हणून तेल चोळलं जातं. पंचविशीतल्या मुलीचं कसलं वय झालं?

आपल्याकडे कापडाची दुकानं पूर्वी अशी नव्हती. पांढऱ्याशुभ्र गादीवर विकणारा बसायचा, घेणाराही बसायचा, चपला दोघांच्याही बाहेर. गादी गेली, काउंटर आलं, आणि काउंटरसोबत एका बाजूने कायमचं उभं राहणं आलं. गिऱ्हाइकाची बसण्याची सोय आणखी चांगली झाली. विकणाऱ्याची मात्र पूर्ण काढून घेतली गेली. हे कोणी जाहीर केलं नाही, कोणाला विचारलंही नाही.

केरळातल्या बायकांनी यावर भांडण केलं. कोळिकोडच्या कापडबाजारातल्या सेल्सगर्ल पी. विजी यांच्या नेतृत्वाखाली एकत्र आल्या आणि त्यांनी दोन साध्या गोष्टी मागितल्या: लघवीला जायला मोकळीक आणि बसायला जागा. वर्षानुवर्षं लावून धरल्यावर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकान कायदा बदलला आणि बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. कारखान्यांसाठी तर ही तरतूद १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच होती, कलम ४४. उभ्याने काम करावं लागणाऱ्या कामगाराला, काम न अडता बसता येईल तेव्हा बसता यावं, अशी सोय करायची. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यातही उभ्याने काम करणाऱ्यांच्या बसण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. म्हणजे कागदावर स्टूल आलेलं आहे. दुकानात कधी येणार ते सांगा.

आपल्या राज्याने मात्र दुसऱ्या बाजूला घाई केली. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दुकानांतल्या रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइमचे पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. वाढलेला तास ज्या पायांवर उभा राहून काढायचा, त्यांच्याबद्दल त्या निर्णयाच्या बातमीत मला एक ओळ सापडली नाही.

आता बूट विकणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांच्यावरही माझा राग आहे. दुकानात जोडा दाबतोय म्हटलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘वापरून सैल होईल.’ साफ खोटं. अस्सल चामडं थोडं सैलावतं, हे खरं. रेक्झिन आणि सिंथेटिकचा पुढचा भाग आज अरुंद आहे तो सहा महिन्यांनीही अरुंदच राहतो. सैल होतं ते बोटांवरचं कातडं. आणि अरुंदपणाचा हा घोळ एकट्या दुकानदाराचा नाही. आपल्याकडे बुटांची मापं इंग्रजांच्या काळापासून चालत आली, ६, ७, ८, ती लांबीची. भारतीय पाऊल चवड्याला जास्त रुंद असतं. रुंदीला बसावं म्हणून माणूस एक नंबर मोठा घेतो, मग लांबीला ढिला पडतो, टाच मागे घासते, फोड येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी लाखाच्या वर लोकांची पावलं मोजली, आणि त्यातून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. उत्तम काम झालं. पण बाजारात दहा दुकानं फिरा आणि एका तरी खोक्यावर ते माप शोधा. शिवाय दुकानात पाय मोजणारी ती लोखंडी पट्टी असायची, तीही आता दिसेनाशी झाली. ‘नंबर काय?’ एवढंच विचारतात. नंबर आपल्यालाही नीट माहीत नसतो, कारण विशीत होता तो चाळिशीत राहत नाही. पाऊल पसरतं. बाळंतपणानंतर तर कित्येकींचं कायमचं पसरतं.

चांगला जोडा म्हणजे परदेशी, महागडा, असाही एक समज आहे. तो काढून टाका. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करत होते. ज्या पायाला जखम कळतच नाही, त्याला दाब कसा कमी लागेल, या प्रश्नातून तिथे मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला पुढे आल्या. तीच ही एमसीआर चप्पल, जिला आपण ‘डॉक्टर चप्पल’ म्हणतो, जी आज मधुमेहींना लिहून देतात आणि जी मेडिकल स्टोअरच्या शेजारच्या छोट्या दुकानातही मिळते. म्हणजे पायाखाली काय हवं हे या देशाला काही दशकांपासून माहीत आहे. तरी ते आपण पाय बिघडल्यावरच घ्यायचं ठरवलंय. मधुमेह असलेल्यांना इथेच बजावून सांगतो: चावणारा जोडा तुमच्यासाठी एक दिवसही घालण्याजोगा नाही. फोड आलेला कळणार नाही आणि त्याची जखम महिनोन्महिने भरणार नाही.

वॉर्डातल्या सिस्टरांची गोष्ट वेगळी, कारण त्यांना उभं राहणं कमी आणि पळणं जास्त. त्यांना पुढून बंद, न घसरणारा, पुसता येणारा बूट लागतो. भोकाभोकांचे रबरी क्लॉग पायाला सुखाचे असले तरी वरून सुई पडली तर ती भोकातून आत जाते, हे लक्षात ठेवून बिनभोकाचे घ्यावेत. वॉचमनांचं दुःख त्याहून साधं आहे. एजन्सी जो बूट देते तो मापाचा असेलच असं नाही, आणि त्याचे पैसे पगारातून कापल्याच्या तक्रारी जागोजागी ऐकू येतात. माणसाला बारा तास गेटवर उभा करायचा आणि त्याच्याच पैशाने त्याला चुकीच्या मापाचा बूट घालायचा, याला मी सरळ लूट म्हणतो.

आता घ्यायचा कसा ते. संध्याकाळी, काम सुटल्यावर जा. दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात आणि जोडा त्याच पायांना बसायला हवा. घरून निघताना एक कोरा कागद घ्या, त्यावर उभं राहून पावलाच्या कडेने पेन्सिल फिरवा, आकार कापून घ्या. दुकानात जोड्याचा तळ त्या कागदावर ठेवा. कागद बाजूने बाहेर डोकावला तर तो जोडा तिथेच ठेवा, मग तो कितीही देखणा असो. दोन्ही पायांत घाला, कारण दोन पावलं क्वचितच सारखी असतात; मोठ्या पावलाचं माप धरा. उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे का ते दाबून बघा. मग जोडा हातात घेऊन वाकवा. तो चवड्याशी वाकला पाहिजे, जिथे पाऊल वाकतं तिथे. मधोमध घडी पडली तर तळात दम नाही. पिळून बघा; फडक्यासारखा पिळला गेला तर परत द्या. टाचेची मागची बाजू दोन बोटांत दाबा, ती ताठ हवी. टाच इंचभर आणि रुंद असली तर बरं. उंच टाच सगळा भार चवड्यावर ढकलते, तर अगदी पातळ, सपाट तळ टाचेला काहीच आधार देत नाही. दोन जोड आलटून पालटून वापरता आले तर उत्तम, आतला घाम वाळायला वेळ मिळतो. आतली गादी अंगठ्याने दाबून बघत जा. दबलेली जागा वर येईनाशी झाली की त्या जोड्याचं आयुष्य संपलं, वरून तो कितीही चकचकीत असो.

यातलं काहीही अवघड नाही. अवघड आहे ती आपली घरातली सवय. लग्नात तीन तास घालायच्या सोनेरी सँडलला दोन हजार मोजताना कोणी कुरकुरत नाही, आणि रोज दहा तास घालायच्या जोड्याला पाचशेच्या वर पैसे म्हणजे उधळपट्टी वाटते. मुलाच्या क्रिकेटच्या बुटांसाठी तीन दुकानं पालथी घालतात. त्याच्या आईला मात्र ‘तुला चालेल ना ही?’ असं विचारून स्टेशनबाहेरची बेली आणून देतात. आणि ती ‘चालेल’ म्हणते. हे ‘चालेल’ बंद करा, बायांनो.

मालकांकडे माझ्या तीन मागण्या आहेत आणि तिन्ही आजच्या आज मान्य करण्यासारख्या आहेत. युनिफॉर्मच्या खर्चात जोड्याचे पैसे धरा आणि ते पगारातून कापू नका. रंग ठरवा, बाकी प्रकार घालणाऱ्याला निवडू द्या. कॅशवर आणि काउंटरमागे जाड रबरी मॅट टाका आणि शेजारी एक स्टूल ठेवा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यावर बसलेल्या माणसाला आळशी म्हणू नका.

आणि वाचकहो, तुमच्या घरात उभ्याने नोकरी करणारं कोणी असेल, सिस्टर असो, शिक्षिका असो, वॉचमन असो की मॉलमधली मुलगी, तर या रविवारी संध्याकाळी त्यांना घेऊन निघा. सोबत तो कापलेला कागद घ्या. पहिल्या दुकानात नाही मिळाला तर दुसऱ्यात जा. मापाचा मिळेपर्यंत घरी येऊ नका.