काळजाला दाद, कानाला तारीख

पुण्याचं काळीज नेमकं कुठे आहे, याचा शोध 2024 साली दिल्लीत लागला. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्याच खंडपीठाने गणेशोत्सवाच्या तोंडावर आदेश काढला होता की ढोल, ताशा, झांज मिळून एका पथकात तीसच माणसं हवीत. पथकवाले सर्वोच्च न्यायालयात धावले आणि 12 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी पाच दिवसांवर असताना, त्या आदेशाला स्थगिती घेऊन आले. ढोल-ताशा हे पुण्याचं काळीज आहे, वाजवू द्या त्यांना, असं तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड म्हणाले.

काळजाचं काम पाच दिवस आधी झालं. कानाचं प्रकरण मात्र जुनं आहे. 18 जुलै 2005 रोजी याच न्यायालयाने कानाच्या बाजूने भलामोठा निकाल दिला होता. बोलायचं स्वातंत्र्य तुम्हाला आहे, पण भोंगा लावून ते दुसऱ्याच्या कानात कोंबायचं नाही; शांतपणे जगणं हे कलम 21 मध्येच येतं. सदाशिव पेठेतल्या ज्येष्ठांना वाचून गहिवरून आलं असणार. गहिवर ऑक्टोबरपर्यंत टिकला. 28 तारखेला न्यायालयाने वर्षातले पंधरा दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत सूट देण्याचा राज्य सरकारांचा अधिकार वैध ठरवला. तेव्हा झोपेचा मूलभूत हक्क आपल्याला आहेच. फक्त आधी कॅलेंडर बघून घ्यायचं.

हक्काची हद्द आखायची म्हणजे शेवटी आकडा लागतोच, त्याला न्यायमूर्ती तरी काय करणार? व्यापारी भागात दिवसा 65 डेसिबल, रात्री 55. विसर्जनाला सीओईपीचे विद्यार्थी यंत्र हातात धरून लक्ष्मी रस्त्यावर उभे राहतात आणि आकडा शंभराच्या आसपास जातो. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे 65 च्या जागी 95 झाले, तर कायदा दीडपट नव्हे, हजारपट मोडला. झेब्रा पट्ट्यावर चाक टेकलं तर पावती फाडणारं हे शहर तो आकडा दुसऱ्या दिवशी चहाबरोबर वाचतं, आणि गेल्या वर्षीपेक्षा कमी असला तर स्वतःचं अभिनंदनही करतं. (मलाही ढोल आवडतो. लकडी पुलाच्या पलीकडून.)

पण कायदा पाळतच नाही असं कुणी म्हणू नये. त्यासाठी विसर्जनाच्या रात्री टिळक रस्त्यावर यावं. बाराच्या ठोक्याला स्पीकरच्या भिंती गप्प होतात. गाडे मात्र हलत नाहीत. कार्यकर्ते दुभाजकावर पेंगतात, कुणी बाप्पाच्या पायाशी कलंडतो, एकजण दर पाच मिनिटांनी मोबाइलवर वेळ बघतो. सहा वाजले रे वाजले की कलम 21 ची मुदत संपते आणि आसपासच्या फडताळांतल्या कपबशा थरथरू लागतात. एवढी काटेकोर अंमलबजावणी दुसऱ्या कुठल्या कलमाच्या नशिबी आहे? त्या सहा तासांत झोपलं कोण, हा प्रश्न नियमावलीत नाही.

आता कानानेही दिल्ली गाठावी असं मी सुचवणार होतो. अडचण अशी की काळजाला अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, वकील आहे, एका रंगाचे कुर्ते आहेत. कान बिचारा एकेकटा, खिडकी लावून बसलेला. धीर करून तो तक्रारीचा नंबर फिरवतो, तर पलीकडून उत्तर येतं, "जरा मोठ्याने बोला हो, इथे आवाज फार आहे."