सहा स्पीकरचा हिंदूराव

उसाचं बिल खात्यावर पडलं की बारामतीच्या दुकानांत होम थिएटरची चौकशी वाढते. कारखाना माळेगावचा असो, सोमेश्वरचा असो नाहीतर भवानीनगरचा. कोपऱ्यांत चार डबे, टीव्हीखाली एक आणि सोफ्याआड वूफर पाहिजेच. भिंत हादरली की पैसे वसूल!

त्यावर लावायचा 'सामना'. गोष्ट आपल्याच पट्ट्यातली. साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि दिग्दर्शक जब्बार पटेल तर शेजारच्या दौंडात दवाखाना चालवलेले डॉक्टर. 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला हा सिनेमा मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच ट्रॅकवर. मग सहा स्पीकरांना काम काय? रिमोटवर 'हॉल' नावाचं बटण असतं. ते दाबलं की हिंदूराव समोरून दम देतो आणि क्षणभरानं सोफ्यामागूनही देतो. त्याच्याशी झुंजणारा मास्तर बिचारा एकटा, पाटील दोन!

हे बटण निदान बंद तरी करता येतं. डिस्क काढतानाच केलेल्या करामतींचं काय? जुन्या फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. तिच्यावर धूळ बसली, ओरखडे पडले की खरखर येते. ती काढायला कंपनीवाले आवाज असा घासतात की निळूभाऊंच्या घोगऱ्या आवाजातला श्वासही खरखरीबरोबर वाहून जातो. उरतो तो बँकेच्या फोनवर एक दाबा, दोन दाबा सांगणारा पाटील.

त्यात वेगाची भानगड. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, आपला जुना टीव्ही 25 चा. कॅसेटवर किंवा व्हीसीडीवर उतरवताना सिनेमा सरळ पळवला, की अडीच तासांची गोष्ट सहा मिनिटं आधी उरकते आणि आवाज पेटीवर पाऊण पट्टी चढतो. निळूभाऊंची जरब चार टक्क्यांनी कमी. साखरसम्राटाला एवढी कपात परवडेल?

'शोले'ची तऱ्हा उलटी. 1975 मध्ये त्याचा सहा ट्रॅकचा आवाज 70 एमएमच्या मोजक्या थिएटरांना मिळाला. जत्रेच्या तंबूत आला तो 35 एमएमचा, मोनो आणि कर्ण्यातून. पुढे पॉलिडोरनं संवादांची रेकॉर्ड काढली आणि लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या आधी गब्बर हजर होऊ लागला. आता 'अस्सल शोले' कुठला म्हणायचा? मुंबईच्या 'मिनर्व्हा'तला की तंबूतला? माझं मत तंबूला. 2025 मध्ये दुरुस्त केलेली प्रत इटलीत बोलोन्याला दाखवली, छान झालं. पण आमच्या भागातल्या माणसाच्या कानात बसलाय तो कर्ण्यातलाच गब्बर.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. डिस्कच्या वेष्टनावर 'डिजिटल', 'सराउंड', 'नवीन आवाज' असं सगळं ठळक छापतात. पण आवाज मूळ निगेटिव्हवरून घेतला, झिजलेल्या प्रिंटवरून की कुणाच्या कॅसेटवरून, याचा एक शब्द नसतो. आणि आपणही विचारत नाही. ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर तोलून मगच कारखान्यात नेणारे, दहा किलोच्या फरकासाठी काटा अडवणारे आपण! इंदापुरातल्या अशाच एका हिशेबी बागायतदाराला विचारलं, "दादा, तुमच्या डिस्कवरचा आवाज कुठून घेतलाय?"

"आवाज ना? पार शेजारच्या वस्तीवर जातोय की!"