ट्रिगरपंत

ट्रिगरपंत हिंजवडीत असतात, खराडीत असतात आणि ऑनसाइट गेले तर तिथेही असतातच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, गळ्यात आयकार्ड आणि तोंडी एकच पालुपद : "हे हाताने कशाला करायचं? डेटाबेसात एक ट्रिगर टाकून देतो!" पंतांना काम सांगितलं की पंत ते करत नाहीत, ते आपोआप होण्याची सोय करतात. मग ती सोय थांबवायला माणसं लावावी लागतात.

परवाचीच कामगिरी घ्या. तक्रारीच्या टेबलात काही बदललं की ग्राहकाच्या नोंदीवर 'शेवटची हालचाल' म्हणून तारीख-वेळेचा शिक्का मारायचा, एवढंच सांगितलं होतं. पण एकतर्फी व्यवहार पंतांच्या तत्त्वात बसत नाही. ग्राहकाची नोंद बदलली की त्याच्या सगळ्या तक्रारींवरही शिक्का, असा दुसरा ट्रिगर त्यांनी पदरचा घातला. झालं! शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम दोन्ही घरांनी कसोशीने पाळला की खिचडी आणि शिरा जन्मभर जिन्यावरून ये-जा करत राहतात, तसं.

एसक्यूएल सर्व्हरने बहुधा असे पंत बरेच पाहिले असावेत. ट्रिगरमधून ट्रिगर असे थर ३२ च्या पुढे गेले की तो एरर देतो आणि अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतो. म्हणजे हेल्पडेस्कवरच्या मुलीने तक्रारीत बदललेला एक फोन नंबरही गेला. ती रडकुंडीला आलेली, आणि पंत म्हणतात, "माझा ट्रिगर चालत नाही असं कोण म्हणतं? ३२ वेळा चाललाय!"

"शिवाय रिकर्सिव्ह ट्रिगर्सचं सेटिंग बंद आहे," हे त्यांचं पुढचं अस्त्र. ते मुळात बंदच असतं. पण ते फक्त स्वतःच स्वतःला थेट बोलावणाऱ्या ट्रिगरला अडवतं. दुसऱ्या टेबलाला वळसा घालून येणाऱ्याला नाही. त्याला रोखायचं तर 'नेस्टेड ट्रिगर्स' सर्व्हरभर बंद करावे लागतात, आणि मग इतरांचे गुणी ट्रिगरही पुढच्या ट्रिगरला जागं करेनासे होतात.

मायएसक्यूएलवर पंतांचा राग आहे. ज्या टेबलावरून ट्रिगर सुटला त्याच टेबलात तो ट्रिगरला लिहू देत नाही. "संकुचित!" पोस्टग्रेसवर मात्र लोभ, कारण तिथे थरांचा ठरलेला आकडा नाही, स्टॅक भरेपर्यंत मोकळं रान. त्याच पोस्टग्रेसमध्ये 'बिफोर' ट्रिगर लिहिला तर येणाऱ्या नोंदीतच शिक्का बसतो, वेगळा अपडेट लागत नाही, हे पंतांना कळवून उपयोग नसतो. अपडेट न करता अपडेट झालं, यात त्यांना गंमत वाटत नाही.

शेवटी पंतांनी एसक्यूएल सर्व्हरवरच्या त्या ट्रिगरमध्ये 'अपडेट' फंक्शनची अट घातली. ते फंक्शन कॉलमचं नाव सेटच्या यादीत होतं का, एवढंच सांगतं. किंमत खरंच बदलली का, ते नाही. टीममधली नवी मुलगी हळूच म्हणाली, "सर, 'इन्सर्टेड'मधल्या नव्या आणि 'डिलीटेड'मधल्या जुन्या ओळी ताडून बघू या का? शिक्क्याची वेळ दर खेपेला वेगळीच येणार, तेवढा कॉलम सोडून." शिवाय एकही ओळ बदलली नाही तरी हा ट्रिगर सुटतोच, म्हणून तिने आधी तेच तपासून परत फिरायची ओळ सर्वांत वर टाकली. फेरा एका खेपेत थांबला. पंत म्हणाले, "हेच मी सांगणार होतो."

पंत आळशी नाहीत, मूर्ख तर मुळीच नाहीत. काही बदललं नसेल तर गप्प बसावं, एवढं एक त्यांना जमत नाही. तुमच्याकडच्या पंतांचा ट्रिगर प्रोडक्शनवर जाण्याआधी त्याची सुरुवात वाचा. 'खरंच काही बदललंय का?' हा प्रश्न तिथे नसेल, तर पुढचं न वाचताच परत पाठवा.