घरजावयांचा मुलूख

"अहो वहिनी, भाचीचा फोन आला होता. क्वालालंपूर सोडलं तिनं. आता सेरेम्बानला असते."

"ते कुठं आलं?"

"तिथून दक्षिणेला, साठ-पासष्ट किलोमीटरवर. नेगरी सेम्बिलान राज्याची राजधानी. पण गंमत ऐका, राजा काही राजधानीत राहत नाही. त्याचं गाव सेरी मेनांती, आत डोंगरांत. तिथला जुना वाडा १९०८ सालचा, सगळा लाकडाचा, ९९ खांब आणि म्हणे एकही खिळा नाही."

"समुद्र नाही का मग?"

"आहे ना, पोर्ट डिक्सनला. शनिवार-रविवारी क्वालालंपूरची निम्मी माणसं तिथंच. त्याच किनाऱ्यावर तांजुंग तुआन नावाची दीपगृहाची टेकडी आहे. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला नेगरी सेम्बिलान, आणि मालकी मात्र शेजारच्या मलाक्का राज्याची! आपल्याकडं असतं तर एव्हाना कोर्टात तिसरी पिढी उभी असती."

"पण राजा आहे, मग तिथं मतदान होतं का?"

"कारभार मुख्यमंत्रीच बघतो, त्याला मेंतेरी बसार म्हणतात. विधानसभा ३६ जणांची. मलेशियात राज्यं १३, त्यातल्या ९ ठिकाणी राजे. बाकीच्या आठांत गादी घराण्यातल्या घराण्यात ठरते. इथं राजा निवडतात चौघं, उंदांग म्हणतात त्यांना. सुंगाई उजोंग, जेलेबू, जोहोल आणि रेम्बाऊ या चार भागांचे प्रमुख. स्वतः उभं राहायचं नाही, राजघराण्यातलाच पुरुष निवडायचा. पहिला राजा तर यांनी १७७३ साली सुमात्राहून बोलावून आणला."

"आयात केलेला राजा!"

"आणि भांडणं देशी. १९६७ साली राजे मुनावीर गेले. मुलगा मुहरिझ अजून विशीचाही नव्हता. उंदांगांनी गादी दिली काकाला, जाफरना. २००८ मध्ये जाफर गेले. त्यांना तीन मुलगे. सगळ्यांना वाटलं, त्यांच्यातलाच एक बसणार. चौघांनी तिघांनाही बाजूला ठेवलं आणि मुहरिझना बोलावलं!"

"अगं बाई! घरात काय झालं असेल!"

"ते कुणी सांगत नाही. मलेशियाच्या नोटेवर ज्यांचं चित्र असतं ना, देशाचे पहिले राजे अब्दुल रहमान, ते मुहरिझचे आजोबा. पण खरी बातमी पुढंच आहे. तिथली पिढीजात जमीन मुलींच्या नावावर असते."

"काहीतरीच!"

"आईकडून लेकीकडं. लोक मूळचे सुमात्रातले मिनांगकाबाऊ, ती रीत घेऊनच आले. बारा कुळं, कुळाला सुकू म्हणतात, ते मिळतं आईकडून. एकाच सुकूत लग्न नाही, आपल्याकडं सगोत्र टाळतात तसंच. लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी राहायला जायचा."

"म्हणजे सगळे घरजावई?"

"अख्खा मुलूख! आता शहरात कोण पाळतंय, पण जमीन अजून तशीच. इंग्रजांनी १९०९ साली कायदाच केला. वडिलोपार्जित म्हणून नोंद झाली की ती त्याच कुळातल्या बाईकडं जाणार. नवऱ्यानं स्वतः कमावलेलं वेगळं."

"आणि उंदांग? त्या बायकाच?"

"छे! कूळ आईचं बघतात, पण खुर्चीत पुरुषच बसतो. राजाची गादी तर सरळ बापाकडून चालते. शेत बाईचं, फेटा बाप्याचा. मला नाही पटलं ते. पण शेत तरी आहे! इथं सातबाऱ्यावर आपलं नाव यायची मारामार, आणि आलं की महिन्याभरात भाऊ हक्कसोडपत्र घेऊन दारात. तुमच्या नणंदांनीही गेल्या दिवाळीत सह्या केल्या ना? दोघींनी?"

"केल्या... साडी-चोळी केली आम्ही."

"जमीन चार एकर होती म्हणे."

"असेल. ते राहू द्या हो. त्या मुहरिझना किती वर्षं थांबावं लागलं म्हणालात?"

"४१."

"बिचारे!"