पाणी डाव्या हाताला

मोटारसायकलवरून निसर्ग पाहता येतो ही आवई मागे बसणाऱ्यांनी उठवलेली आहे. पुढे बसणारा रस्ता पाहतो. खड्डे पाहतो, खड्डे बुजवायला आणून तशीच सोडलेली खडी पाहतो, ताजं शेण पाहतो आणि पुढच्या वळणावर म्हैस आडवी उभी असणार हे ओळखून हॉर्नवर अंगठा ठेवतो. आरशात पाहावं, तर मागच्या माणसाचा चेहरा दिसतो. त्या चेहऱ्यावर एवढं समाधान असतं की आरसा फिरवून ठेवावासा वाटतो.

ऐन फाल्गुनात मी भंडारदऱ्याच्या तळ्याला पुरता वळसा घातला आहे. पळस फुलला होता हे मला डांबरावर पडलेल्या फुलांवरून समजलं. पांगारा फुलला होता हे मावशीने सांगितलं. काटेसावर नेमकी कुठे होती ते मला अजूनही माहीत नाही. "ती बघ, ती बघ!" एवढंच ऐकू आलं, आणि तेव्हा मी एस.टी.ला बाजू देत होतो.

मावशी भूगोलाची निवृत्त शिक्षिका. जन्मभर तिने फळ्यावर महाराष्ट्र काढला, सह्याद्री खडूने रंगवला, आणि आता तो जागेवर आहे की नाही हे तपासत हिंडते. तिला मोटार लागते, म्हणून वाहन माझी स्प्लेंडर. ऋतू तिनेच ठरवला. पावसाळ्यात भंडारदऱ्याला अख्खा महाराष्ट्र भजी खायला येतो आणि धुकं असं पडतं की हातातली भजीसुद्धा दिसत नाहीत. मेच्या अखेरीस काजवे पाहायला एवढ्या गाड्या येतात की त्यांच्या हेडलाइटपुढे काजव्यांनी स्वतःहून विझावं. फाल्गुनात तिथे काही नसतं, असं एका शेजाऱ्याने सांगितलं. "मग फाल्गुनातच जाऊ," मावशी म्हणाली.

आता मावशीच्या आसनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मावशी साडी नेसते आणि एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसते. ही बाजू डावी. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या चाकाशी जाळी असते, डाव्या अंगाला, आणि पाय ठेवायची पट्टीही तिथेच. मागे बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलं पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत चक्क १२३ क्रमांकाचा नियमच आहे. उजव्या अंगाला सायलेन्सर, तो पाय भाजतो. म्हणजे साडीतल्या बाईने कुठे पाहायचं हे कारखान्यातच ठरून येतं. या देशातल्या लाखो बायकांनी दुचाकीवरून फक्त डावीकडचं जग पाहिलं आहे. उजवीकडचं त्यांना नवऱ्यांनी सांगायचं होतं, म्हणजे ते राहूनच गेलं.

हेल्मेटचाही प्रश्न होता. मावशीचा अंबाडा त्यात मावेना. पण तिने वर्गात नागरिकशास्त्रही शिकवलेलं, त्यामुळे मागे बसणाऱ्याला हेल्मेट कशाला, हा वाद तिने काढला नाही. तिने अंबाडा सोडून वेणी घातली. मावशीला वेणीत मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं, आणि घोटीपर्यंत आपल्या मागे दुसरंच कोणी बसलं आहे असं वाटत राहिलं.

नाशिकहून घोटी, घोटीहून बारीवरून शेंडी. शेंडी म्हणजे धरणाच्या भिंतीजवळचं गाव, आणि तळ्याला वळसा घालायचा तर निघायचं तिथून. रस्ते दोन. एक मुरशेत, पांजरे, उडदावणे असा उत्तरेच्या काठाने जातो. दुसरा मुतखेल, कोलटेंभे असा दक्षिणेच्या. दोन्ही रतनवाडीला भेटतात, म्हणून कुठूनही निघालं तरी चालतं, असं मला वाटत होतं.

"पाणी डाव्या हाताला पाहिजे," मावशी म्हणाली.

"मग मुरशेतकडून निघू."

"पण मग प्रदक्षिणा उलटी होते."

देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे मला मान्य. पण पाणी उजवीकडे ठेवलं, तर मावशीला दिवसभर रस्त्यासाठी कापलेली डोंगराची माती पाहत बसावं लागलं असतं. पुण्य पाहिजे की तळं, असा सरळ सवाल होता. चहाच्या टपरीवाल्याने तोडगा काढला, "आजी, तुम्ही उजवीकडं पाय सोडून बसा की!" मावशीने त्याच्याकडे फक्त पाहिलं. त्याने लगेच चहात साखर कमी झाली का, अशी चौकशी केली.

मावशी धरणाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ही भिंत बांधायला १९१० साली घेतली आणि १९२६ साली पुरी झाली. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला मिळालं, आर्थर हे नाव पाण्याला मिळालं, आणि सगळे साहेब संपल्यामुळे नदीची प्रवरा तशीच राहिली. ही माहिती टपरीवरच्या सगळ्यांना तास घेतल्यासारखी ऐकवून झाल्यावर मावशीला एकदम सुचलं. तळ्याच्या वरच्या टोकाला रतनवाडी. तिथे अमृतेश्वर, म्हणजे शंकर. आणि शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते. पन्हळीतून अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं, तिथवर जायचं, पन्हळ ओलांडायची नाही, आल्या वाटेने उलटं फिरायचं.

"धरणातून प्रवरा बाहेर पडते ती पन्हळ," मावशी म्हणाली. "म्हणजे उलटं फिरणं शास्त्रातच आहे. चल."

एवढा मोकळाढाकळा धर्म मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आम्ही मुरशेतकडून निघालो.

आता पाणी मावशीच्या पुढ्यात, आणि तिचं धावतं वर्णन माझ्या हेल्मेटवर आदळत होतं. पलीकडे रतनगड दिसतोय, त्याच्या माथ्यावरचं नेढं दिसतंय, त्यातून पलीकडचं आभाळ दिसतंय. मला समोर एक ट्रॅक्टर दिसत होता. मी एकदा मान वळवून नेढं पाहायचा प्रयत्न केला. "पुढे बघ!" पाठीत बोट रुतलं. दोन मिनिटांनी, "अरे, बघ तरी!" मागे बसणाऱ्यांच्या या दोन्ही आज्ञा एकाच वेळी लागू असतात.

पण तळ्याकाठी एक न्यायही आहे. कळसूबाई उत्तरेला, म्हणजे आमच्या उजव्या हाताला. १६४६ मीटरचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, ज्यावर मावशीने पिढ्यान् पिढ्या एका गुणाचा प्रश्न घातला, ते तिच्या पाठीमागे होतं. मला मात्र एका चढावर, ट्रॅक्टर बाजूला होताच, ते लख्ख दिसलं. मी काही बोललो नाही. त्या दिवसातलं ते माझं एकट्याचं दृश्य होतं.

पुढे पोरांनी रस्त्यावर दोरी धरली होती. शिमगा जवळ आलेला, फगवा मागायचा हंगाम. मी खिशाकडे हात नेला तोवर मावशी उतरून वर्ग भरवायला लागली.

"महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं?"

सगळ्यांत लहान पोराने मागे वळूनही न पाहता अंगठा खांद्यावरून मागे केला. "त्ये काय!"

मावशीने चष्मा सारखा करून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "हे मघापासून दिसत होतं?"

मी पोरांना नोट जरा मोठी दिली.

पांजऱ्याच्या अलीकडे तळं चांगलं उघडं पडतं. तिथे मोठ्या गाड्यांवरून आलेली तरुण मंडळी थांबली होती. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, छातीला चिलखत. पानिपतावर निघालेल्यांनी वाटेत नाश्ता करावा असा थाट. गाड्या ओळीने तळ्याकडे पाठ करून लावल्या होत्या आणि गाड्यांचे फोटो चालले होते. तळं मागच्या पडद्याच्या कामाला होतं. प्रत्येकाच्या हेल्मेटला कॅमेरा. मावशीने त्यांतल्या एकाला विचारलं, "कसं वाटलं तळं?"

"आंटी, अजून कुठे? घरी गेल्यावर फुटेज बघणार."

मी हसलो नाही. हा मुलगा माझ्याच जातीचा, पुढे बसणारा. फरक एवढाच की त्याने आपलं तळं घरी न्यायची सोय केली होती.

उडदावण्याच्या पुढे रस्ता मधूनच पाण्यापासून लांब जातो आणि मग पुढे बसणाऱ्यालाही थोडाफार वसंत मिळतो, नाकाने. करवंदीची पांढरी फुलं अशा वासाची असतात की हेल्मेटची काच आपोआप वर जाते. आंब्याचा मोहोर कळतो. कुठेतरी मोहाची फुलं पडलेली कळतात, आणि ती उचलायला माणसं आमच्या आधी उठलेली असतात. अंगणांतून बाळहिरडा वाळत घातला होता. फाल्गुनात इथे काही नसतं, असं सांगणारा आमचा शेजारी मोटारीच्या काचा बंद करून येऊन गेला असावा.

घाटघरला वाट वाकडी करून गेलो, कारण कोकणकडा मावशीच्या अभ्यासक्रमात होता. कड्यावरून खाली कोकण दिसतं. मीही पाहिलं, कारण गाडी स्टँडवर होती. याच ठिकाणी २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. वर एक धरण, खाली एक धरण. विजेला मागणी असेल तेव्हा पाणी वरून खाली सोडतात आणि वीज करतात. रात्री मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. मी जन्मभर नोकरी केली ती याच तत्त्वावर, पण माझ्या वर-खाली करण्यातून एक दिवाही लागलेला नाही.

साम्रदवरून रतनवाडीला पोचेपर्यंत ऊन चांगलंच तापलं. अमृतेश्वराचं देऊळ मात्र आत शिरताच गार. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली, त्यांतलं प्रवरेच्या वाट्याचं हे, असं सांगतात. बाहेरून शिखरापर्यंत दगडावर इतकं कोरलंय की मावशीसारखी बडबडी बाई गप्प झाली. तिने पन्हळीपर्यंत जाऊन उलटी फिरत शास्त्रशुद्ध अर्धी प्रदक्षिणा घातली आणि परत येताना माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मुरशेतकडून निघण्याचा निर्णय खुद्द अमृतेश्वराने सही करून दिला आहे. शेजारी कोनाडे केलेली चौकोनी पुष्करणी आहे. तिच्या पायऱ्यांवर बसायला मिळालं तर बसावं.

जेवणासाठी एका घरी विचारलं. "आधी सांगायचं नाही का, मावशी?" घरच्या बाई म्हणाल्या. पण चुलीवर पिठलं चढलंच, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, ठेचा आला. मावशीने त्यांच्याकडून काळभाताची पिशवी विकत घेतली. ती तिच्या आणि माझ्या मध्ये बसली. परतीला मावशीचं बोट माझ्या पाठीपर्यंत पोचेना, एवढा एक फायदा झाला.

कोलटेंभे, मुतखेलचा काठ दुपारचा. पाणी अजून डाव्याच हाताला. पण फाल्गुनातलं तळं काठाला धरून नसतं. खाली आवर्तन सुटलेलं असतं. पाणी मागे हटत जातं आणि मधे मातीचे पट्टे उघडे पडतात, गेल्या महिन्यात तळं कुठवर होतं ते दाखवत. प्रवराकाठच्या शेतांना हेच पाणी. १९५० साली सुरू झालेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना ज्या उसावर चालला, तो उसही हेच पाणी पिऊन वाढला. याच नदीच्या काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. म्हणजे ओवीपासून साखरेपर्यंत महाराष्ट्राचं बरंच काही गोड या तळ्यामागच्या डोंगरातून निघालं आहे, असं मावशी म्हणाली. पिशवीमुळे तिला ओरडून म्हणावं लागलं, आणि उघड्या पडलेल्या मातीत चरणाऱ्या म्हशींनीही ते ऐकलं.

घरी आल्यावर मावशीने सगळ्यांना तळं सांगितलं. मला विचारलं, तेव्हा मी शेंडी ते शेंडी प्रत्येक खड्डा क्रमाने सांगितला. बांधकाम खात्याला हवा असेल तर तो नकाशा माझ्याकडे तयार आहे.

तुम्ही जाणार असाल तर फाल्गुनातच जा. शेंडीतून मुरशेतकडे वळा आणि पाणी डाव्या हाताला ठेवा, मग मागे कोणीही बसो. कळसूबाई दिसली की गप्प राहा. रतनवाडीत जेवण आधी सांगून ठेवा. बरोबर गाडी चालवणारा कोणी नसेल म्हणून मला विचारायचं असेल, तर येईन, पण मागे बसेन. आणि पेट्रोल घोटीतच भरून घ्या.